आईला खाली न्या

तलासरीला हायवेच्या कडेला 'सागर दर्शन' नावाची इमारत आहे. तिच्यातून सागर दिसत नाही. गच्चीवर चढलात तरी नाही. दिसतात ते गुजरातकडे निघालेले ट्रक, पलीकडचे बोडके डोंगर आणि शेजारच्या इमारतीचे संडासाचे पाइप. समुद्र राहिला तिकडे झाईला, टेम्पोने अर्धा-पाऊण तास. पण नाव ठेवायला बिल्डरचं काय जातं? त्या नावावर सुनिल भाळला आणि तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन मोकळा झाला. लिफ्ट येणार असं बिल्डरने सांगितलं होतं. लिफ्टची जागा अजूनही आहे. तिच्यात लोकांनी मोडक्या सायकली आणि गणपतीची जुनी मखरं कोंबून ठेवली आहेत.

सुनिल वेरावळच्या एका ट्रॉलरवर तांडेल. बोट त्याच्या हुकमावर चालायची, घर मात्र सुषमाच्या जिवावर. पाऊसकाळ सोडला तर नवरा समुद्रावर, फोनला रेंज आली तर बोलणार, नाही तर नाही. सुषमा घरी ब्लाउज शिवायची आणि सासूचं करायची. सासू म्हणजे शांतीबाय, झाईची. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तिने उभी हयात तलासरीच्या बाजारात काढली होती. मग एके सकाळी पाटी उचलताना डावं अंग गेलं. झाईच्या घरातल्या थोरल्या सुनेने 'आम्हाला नाय झेपायचं' म्हणून हात झटकले. सामान चढवणाऱ्या हमालांनीच शांतीबायला फ्लॅटवर आणून ठेवलं. कपाट, मशीन, पलंग आणि आई. त्यानंतर दोन वर्षं ती खाली उतरली नव्हती.

तिच्या खोलीच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची. पडल्यापडल्या पंखा दिसायचा. ज्या बाईने रोज शंभर माणसांशी भांडून मांदेली विकली, ती आता दिवसभरात सुषमाशी दोन वाक्यं बोलायची आणि तीही औषधाबद्दल. कोण येणार होतं वर? इमारतीत प्रत्येक दाराला बाहेरून लोखंडी जाळीचं दुसरं दार. जिन्यात गाठ पडली की लोक विचारायचे, "काय वहिनी, बरं ना?" आणि उत्तर यायच्या आत पुढच्या मजल्यावर पोचलेले असायचे. सुषमा वरोरची. तिच्या माहेरी शेजारीण चुलीपर्यंत येऊन कालवण चाखून जायची आणि मीठ कमी आहे म्हणून सांगून जायची. इथे मीठ मागायला जावं तर बेल वाजवावी लागते. पहिल्या वर्षी तिने जवळा भाजला तेव्हा मात्र बेल न वाजवता तिघं येऊन गेले, खिडकी लावून घ्या म्हणून सांगायला.

दोन हजार अठराच्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली.

आधी जमिनीखालून सुरुंग फुटल्यासारखा आवाज, मग हादरा. गावागावांतून लोक घराबाहेर निजायला लागले, शाळांची पोरं मैदानात बसायला लागली, कुठे कुठे सरकारी तंबू आले. पहिला मोठा धक्का बसला तेव्हा सागर दर्शन एका दमात रिकामी झाली. जाळीची दारं धडाधड उघडली. सुषमा शांतीबायला काखेत हात घालून ओढायला लागली तर ती पलंगाच्या कडेपर्यंतच आली. मग सुषमा जिन्यात धावली आणि घसा फुटेपर्यंत ओरडली, "आईला खाली न्या! कोणीतरी आईला खाली न्या हो!"

खालून पावलांचा आवाज येत राहिला, दूर जात राहिला. मग एक जोडी परत वर यायला लागली. पहिल्या मजल्यावरचा जिग्नेश. तो टेम्पो चालवायचा, अंगाने दांडगा. त्याच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावरचा मनिष आला, भिलाडच्या कंपनीत सुपरवायझर, आणि त्याच्याही मागे वॉचमन हाल्या. हाल्याने आधी चादरीची झोळी करून बांबूला बांधली. त्यांच्या पाड्यावरून आजारी माणसाला तशीच सडकेपर्यंत आणतात. पण बांबू जिन्याच्या वळणावर अडकला आणि शांतीबाय झोळीत, झोळी हवेत, असा खोळंबा झाला. शेवटी मनिषच्या घरची प्लास्टिकची खुर्ची आणली. दोघं मागे, एक पुढे आणि एका बाजूने सुषमा. असे ते खाली पोचले तेव्हा धक्का संपून बराच वेळ झाला होता.

त्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. हादरा आला की बायका पोरांना घेऊन खाली पळायच्या आणि हे तिघं वर. एरवी ज्यांना सुषमाचं आडनावही ठाऊक नव्हतं ते आता तिच्या घरात चपला घालून शिरायचे आणि तिच्या सासूला काखेत धरून उचलायचे. मग खाली, फाटकाजवळच्या पार्किंगमध्ये, सगळी इमारत अर्धा-पाऊण तास उभी राहायची. कोणी मोबाइलवर किती रिश्टर ते शोधायचं, कोणी चहा आणायचं. सुषमाला लाज वाटायची सांगायला, पण त्या अर्ध्या तासात तिला बरं वाटायचं. भूकंपाने तिला शेजारी दिले होते.

आणि शांतीबाय? ती तर पालटलीच. खुर्चीत ताठ बसून फाटकाबाहेरचा रस्ता बघायची. भाजीवाल्याला थांबवून भाव विचारायची. मनिषच्या बायकोला, योगिताला, तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तुझी पोरगी किडकिडी हाय गो. तिना बोंबील घाल." योगिता शाकाहारी. ती हसली, आणि तिचं हसणं सुषमाने पहिल्यांदा पाहिलं.

डिसेंबरात एकदा सकाळी खाली आणलेलं असताना फाटकाबाहेर झाईचा टेम्पो थांबला. बाजाराचा दिवस होता. पाट्या घेऊन कोळणी उतरल्या आणि त्यांतली रूपी, शांतीबायची बाजारातली जोडीदारीण, रस्त्यातच थबकली. "शांतीबाय? अगो, तू जिती हास?" मग काय विचारता! पाट्या खाली उतरल्या. गाऱ्हाणी, लग्नं, मयतं, कुणाची बोट बुडाली, कुणी जमीन विकली. शांतीबायने प्रत्येकीच्या पाटीत हात घालून मासळी दाबून पाहिली आणि भाव चुकला म्हणून रूपीला शिव्याही घातल्या. वर नेल्यावर त्या दिवशी ती दोन वेळा जेवली.

जानेवारीत धक्के वाढले. शांतीबायला ते सगळ्यांच्या आधी कळायचे. दिवसभर पाठ टेकून पडलेलं अंग, खालून आलेली थरथर तिच्या हाडांत आधी पोचायची. ती ओरडायची, "हलला! हलला गो!" आणि तिचा आवाज बाजारात कमावलेला, तळमजल्याच्या गाळ्यांपर्यंत पोचायचा. लोक म्हणायचे, आमच्याकडे म्हातारी आहे म्हणून आम्ही सुरक्षित. मनिष तर ऑफिसात सांगायचा.

एका सकाळी सुषमा शांतीबायच्या पलंगाशी बसून सुईत दोरा ओवत होती. बारीक सुई, काळा दोरा. श्वास रोखून तिने दोऱ्याचं टोक सुईच्या नाकात घातलं, आणि त्याच क्षणी शांतीबाय ओरडली, "हलला!"

दोरा सरळ आत गेला. सुषमाने सुईकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं. शांतीबाय छताकडे बघत होती. तिच्या ओठांच्या ज्या बाजूला अजून जीव होता ती बाजू किंचित वर गेली होती. जिन्यात पावलं वाजायला लागली. जिग्नेश दारात आला, "चालो बा, गाडी तैयार," म्हणाला. खुर्ची उचलली. खाली पोचले, आणि फाटकासमोर झाईचा टेम्पो येऊन थांबला.

बाजाराचा दिवस होता. सुषमाने मागचे धक्के आठवून पाहिले. मागच्या आठवड्यातही सकाळी याच वेळेला हलला होता. त्याच्या आधीही. मोबाइलवर काहीच आलं नव्हतं तेव्हा लोक म्हणाले होते, छोटा असेल, मशीनला कळला नसेल.

तिला राग आला, पण रागावर भीती स्वार झाली. ही माणसं फक्त भीतीपोटी येतात. त्यांना एकदा कळलं की म्हातारी फसवते, तर खरा हादरा येईल तेव्हा एकही वर फिरकणार नाही. आणि सुषमा एकटी काय करणार होती? तिने एकटीने प्रयत्न करून पाहिला होता. पलंगाच्या कडेपर्यंत.

वर आल्यावर तिने दार लावलं. "आई, आज हलला नव्हता."

शांतीबायने उजव्या हाताने चादर सारखी केली.

"पुन्हा असं करू नका. मी पाया पडते."

"तेवढाच तर उतरतां," शांतीबाय म्हणाली. "मेल्यावर उतरवतील तवा रूपी मना दिसल का?"

सुषमाने ब्लाउजचा हूक लावायला घेतला आणि तो उलटा लावला. पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळपासून ती सासूच्या खोलीत ठाण मांडून बसली. पण गॅसवर दूध उतू जायला आलं, ती उठली, आणि तेवढ्यात "हलला!"

त्या दिवशी जिना नुकताच धुतलेला होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिग्नेशचा पाय सटकला. खुर्ची पडू नये म्हणून त्याने ती वर ढकलून धरली आणि स्वतः उजव्या हातावर पडला. हाडाचा आवाज सगळ्यांनी ऐकला. शांतीबायला खरचटलंही नाही. जिग्नेशच्या उजव्या हाताला बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं, आणि टेम्पो एका हाताने चालत नाही.

सुषमा डबा घेऊन त्याच्याकडे गेली. तो म्हणाला, "भाभी, टेन्शन नाय लेवाचा. नसीब." त्याच्या बायकोने मात्र डबा घेतला आणि जाळीचं दार लावून घेतलं. सुषमाला वाटलं, इथेच खाली बसावं आणि सांगून टाकावं. तिने नाही सांगितलं. सांगितलं असतं तर आईला कोण उचलणार होतं?

त्या रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. चेअरमन देवजी, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. इमारतीत गाडी त्यांची एकट्याचीच, पण पार्किंगबद्दल बोलायला लागले की वाटावं पन्नास गाड्या आहेत. ठराव असा झाला की तीन रिश्टरच्या खालच्या धक्क्याला कोणाला उचलायचं नाही, उगाच हातपाय मोडतात. किती रिश्टर ते धक्का संपल्यावर कळतं, हे बोलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल आणि सोयीचं वाटलं असेल. सुषमाने विचारलं, "मग आईचा पलंग इथेच खाली ठेवू द्या. हे संपेपर्यंत. मी पण इथेच राहीन."

"जुवो बेन," देवजी म्हणाले, "आज तुमचा खाटला, उद्या दुसऱ्याचा. सोसायटी आहे, धर्मशाळा नाही."

घरी येऊन सुषमाने आपला सगळा राग सासूवर काढला. जिग्नेशचा हात, त्याचा बंद पडलेला टेम्पो, ठराव, सगळं तिच्यासमोर आपटलं. "यापुढे तोंडातून शब्द काढायचा नाही. हलला तरी मी बघेन, नाही हलला तरी मी बघेन. तुम्ही ओरडायचं नाही. कळलं?"

शांतीबायने मान हलवली. जिग्नेश पडल्यापासून तिच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि एका हाताने तिला एकच डोळा पुसता येत होता.

फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी दुपारी, सगळं तलासरी हादरलं. सुषमा धुण्याला बसली होती. बादलीतलं पाणी आधी शहारलं, मग बाहेर उडालं. भिंतीतून करकर आवाज आला. ती ओल्या हातांनी खोलीत धावली. शांतीबाय पलंगाची कड घट्ट धरून पडली होती आणि तिचे दात ओठांवर होते. सुषमा जिन्याकडे पळाली. "आईला खाली न्या! मनिषभाऊ! हाल्या! आईला खाली न्या!"

पावलं वाजत होती. सगळी खालच्या दिशेने. मनिष दोन्ही पोरींना काखेत मारून उतरताना तिला कठड्यावरून दिसला. त्याने वर पाहिलं. तिची-त्याची नजर भेटली आणि तो वळणावर दिसेनासा झाला. त्याला दोष कसा द्यायचा? हात दोन आणि पोरीही दोन. पण सुषमाने त्याला दोष दिला. त्या क्षणी तिने त्या इमारतीतल्या प्रत्येकाला शिव्या दिल्या, मोठ्याने, नावं घेऊन.

मग ती परत आत आली. "तू जा," शांतीबाय म्हणाली. "तू जा गो खाली. माझा सगला बघून झालाय."

"गप्प बसा!" म्हणत सुषमा तिच्यावर आडवी पडली. छताचा पोपडा सुटून तिच्या पाठीवर पडला. देव्हाऱ्यातली समई कलंडली. पोटाखाली सासूचं अंग आहे की लाकूड, एवढं ते कडक झालं होतं, आणि तिच्या कानाशी ती म्हातारी तोंडातल्या तोंडात सुनिलचं नाव घेत होती.

थांबलं. भिंतीला माथ्यापासून पायापर्यंत भेग गेली होती, पण भिंत उभी होती. सुषमा उठून बसली. तिला एकदम आठवलं, ती खोलीत आली तेव्हा शांतीबायने पलंग आधीच धरला होता.

"तुम्हाला आधी कळला होता."

"हो."

"मग ओरडला का नाही?"

"तूच सांगितलास ना. वरडू नको."

सुषमाने तिचा हात आपल्या कपाळावर मारून घेतला आणि हुंदके देऊन रडली. दोघींना वाचवणारं एकच माणूस त्या इमारतीत होतं आणि त्याचं तोंड तिने स्वतः बंद केलं होतं.

नंतर लोक आले. मान खाली घालून आले. मनिष म्हणाला, "वहिनी, आजींचा आवाज आला नाही, आम्हाला वाटलं छोटाच असेल..." मग त्याला स्वतःचं बोलणं खोटं वाटलं असावं, कारण तो वाक्य अर्धवट टाकून गेला. योगिताने खिचडी पाठवली. जिग्नेश दारात प्लास्टरचा हात छातीशी धरून नुसता उभा राहिला. सुषमाने त्याला बस म्हटलं नाही.

त्या दिवसापासून शांतीबायचं जेवण तुटलं. पहिल्यांदा भाकरी, मग भात, मग पेज. घास ओठांशी नेला की ती मान भिंतीकडे करायची. रागाने नाही, रुसून नाही. जणू तिचं आणि अन्नाचं काही देणंघेणं उरलं नव्हतं. बाजाराचा दिवस आला तेव्हा सकाळी ती जागी होती. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला, कोळणींचा गलका वरपर्यंत आला. सुषमा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ओरड ना, असं तिला ओरडावंसं वाटलं. शांतीबायने डोळे मिटून घेतले.

डॉक्टर येऊन सलाइन लावून गेले. सुनिलचा फोन लागला तेव्हा तो ओखाच्या पुढे होता. "मी येईपर्यंत सांभाळ," म्हणाला. समुद्रावरून काय जातं सांगायला!

मग सुषमाने पदर खोचला आणि दारं ठोठावायला सुरुवात केली. मागणं एवढंच, दिवसाआड सकाळी आईला अर्धा तास खाली न्या. भूकंप नको, धक्का नको, नुसतं खाली. ती जगेल.

मनिषने जाळीच्या आडूनच ऐकलं. "वहिनी, खरंच सांगतो, हलला तर रात्री अपरात्री येईन. मागच्या वेळेचं मला लागून राहिलंय. पण असं रोज फिरायला न्यायचं म्हणजे... माझी शिफ्ट असते. पाठ पण धरलीय." वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूने तिला ओळखलंच नाही. जिग्नेशच्या दाराशी ती गेली आणि बेलवर बोट ठेवून तशीच परत फिरली. देवजी म्हणाले, जनरल बॉडीत विषय घेऊ. हाल्या तेवढा म्हणाला, "मी येन बाय, पन एकट्याना नाय उचलनार."

माणसं वाईट नव्हती. हेच तर सुषमाला सहन होत नव्हतं. वाईट असती तर तिने त्यांना शाप देऊन विषय संपवला असता. छत कोसळताना हीच माणसं म्हातारीसाठी जिना चढली असती, पण म्हातारी रोज थोडी थोडी मरत होती आणि त्याला रिश्टर नव्हता.

बाजाराला अजून चार दिवस होते. शांतीबायने सकाळपासून पाण्याचा घोटही गिळला नव्हता. संध्याकाळी सुषमा तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसत होती, आणि फडकं ओठांवरून फिरताना शांतीबायने अगदी हळू विचारलं, "रस्ता हाय का गो अजून तिथं?"

सुषमाने फडकं खाली ठेवलं. जाळीचं दार उघडलं, जिन्याच्या कठड्याला धरून वाकली आणि पोटातून ओरडली, "हलला! हलला! आईला खाली न्या!"

सगळी आली. मनिष बनियनवरच धावत आला, डोळ्यांत मागच्या वेळचं घेऊन. हाल्या आला. आणि या खेपेला देवजीसुद्धा आले, धापा टाकत, पोट सावरत. इतकं जपून त्यांनी शांतीबायला कधीच उचललं नव्हतं. "आजी, धरा माझ्या गळ्याला. घाबरू नका," मनिष म्हणत होता. सुषमा कठडा धरून त्यांच्या मागून उतरत होती.

खाली सगळी इमारत जमली. पोरं रडत होती, योगिताने एका पोरीला कडेवर घेतलं होतं, पोरीच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. मोबाइल निघाले. बोटं वरखाली झाली. "काहीच दाखवत नाही." "मला पण कळलं नाही." "आमच्याकडे तर टीव्ही पण हलला नाही." माना एकेक करून सुषमाकडे वळल्या.

जिग्नेश गर्दीच्या कडेला उभा होता. त्याने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, मग सुषमाकडे. आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "आज तर बाजार बी नाय, भाभी."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. केव्हापासून ठाऊक होतं? हात मोडायच्या आधीपासून? सुषमाला आता लपवण्याजोगं काही उरलं नव्हतं.

"हलला नव्हता," ती सगळ्यांना म्हणाली. "मीच ओरडले. आईला खाली आणायचं होतं."

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग योगिता पुढे आली. "लाज नाही वाटली? माझी पोर जिन्यात पडलीय. मान मोडली असती तिची!" तिचं बोलणं रास्त होतं. सुषमाने मान खाली घातली. देवजी म्हणाले की आता सोसायटीला विचार करावा लागेल, आणि फाटकाबाहेर लावलेली गाडी घेऊन दुकानाला निघून गेले. मनिषने जखमी पोरीला उचललं आणि तो जिना चढायला लागला. त्याच्या मागून बाकीचे. जाळीची दारं एकेक करून लागली, आवाजावरून मजला कळत होता. जिग्नेश शेवटपर्यंत उभा राहिला. त्याने आपल्या प्लास्टरकडे पाहिलं, आणि तोही गेला.

हाल्या पाण्याचा पंप चालू करायला मागे गेला. पार्किंगमध्ये खुर्ची उरली आणि खुर्चीतली शांतीबाय.

वर न्यायला आता कोणीही येणार नव्हतं. सुषमाने वर पाहिलं. खिडक्यांत दिवे लागले होते, कुठेतरी मालिकेचं संगीत सुरू झालं होतं. एक पडदा हलला आणि पुन्हा सरळ झाला.

शांतीबाय रस्त्याकडे बघत होती. सायकलवरून पावाचा टोपला गेला, दोन पोरं भांडत गेली, नाक्यावर कोणीतरी बस चुकल्याबद्दल बसलाच शिव्या घातल्या. ती बारीकसं हसली. मग म्हणाली, "भात हाय का?"

सुषमा तीनही मजले धावत चढली. भेगेच्या भिंतीपाशी ठेवलेल्या पातेल्यातून भात घेतला, त्यावर सकाळच्या करंदीचं कालवण ओतलं आणि ताटलीवर हात झाकून धावत खाली आली. खुर्चीपाशी फरशीवर बसून तिने पहिला घास कालवला. शांतीबायने तोंड उघडलं. चावायला वेळ लागला, पण घास आत गेला. दुसरा गेला. सुषमाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हाताला कालवण लागलेलं असल्याने तिने ते वाहू दिलं.

"आता वर कोण नेल?" शांतीबायने विचारलं.

"कोणी नाही."

"बरा झाला," शांतीबाय म्हणाली.

फाटकातून उजेड आत आला. देवजींची गाडी दुकानातून परतली होती आणि खुर्ची बरोबर त्यांच्या जागेवर होती. देवजींनी एकदा हॉर्न वाजवला. थोडं थांबून पुन्हा वाजवला, लांब, वरच्या खिडक्या उघडेपर्यंत. त्या उजेडात शांतीबायचे डोळे दिपले, तिने मान जराशी वळवली आणि तोंड पुन्हा उघडलं. सुषमाने पुढचा घास कालवला.